सात मुलींचे मामा

सोयरिकीचा फोन आला की मामा आधी चप्पल काढायचे. फाट्यावर असोत नाहीतर चिखलात, चपला बाजूला, टोपी सरळ, आणि मग हिरवं बटण. "लेकीबाळीचं बोलणं हाय, चप्पल घालून कसं बोलावं?" म्हणायचे. माझ्या दुकानासमोरच्या तापलेल्या फरशीवर एक पाय वर, एक पाय खाली करत ते पलीकडच्या मुलाचं शिक्षण विचारत उभे असायचे. मी हसायचे. तेही हसायचे, पण चपलेत पाय घालायचे नाहीत.

पिंगळीत माझं लेडीज टेलरचं दुकान. त्यांनी जुळवायचं आणि मी ब्लाउज शिवायचे, असा आमचा कारभार. ते माझे मामा नव्हते, कोणाचेच सख्खे नव्हते. पण आमच्याकडे असा एक माणूस असतोच ना, ज्याला आईही मामा म्हणते आणि लेकही? घ्यायचे काय, तर लग्नात टोपी-उपरणं. तेही लय आग्रह केला तर.

दिवाळी झाली की इथली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. आईबाप फडात, फोनला रेंज नाही, रेंज असली तर चार्जिंग नाही. आणि अलीकडे पाहुणे आधी मोबाइलवर मुलगी बघतात, मग घर. म्हणून मामांनी लग्न जुळवायच्या एका वेबसाइटवर आपल्याच नंबरावरून मुलींची नावं घातली. आईबापांना विचारून घातली, फोटो माझ्या दुकानात काढले. 'मुलीशी नातं' विचारलं होतं, तिथं प्रत्येकीपुढं मामा लिहिलं. खाली 'अटी मान्य' होतं, तेही दाबलं. सात मुली, एक नंबर, एक मामा. तुम्हीच सांगा, यात काही वावगं दिसतंय का? मला तर अजून दिसत नाही.

वेबसाइटला दिसलं. एका सकाळी सातही मुली तिथून गायब झाल्या, आणि ज्या ज्या घरांशी बोलणं चालू होतं त्यांना मेसेज गेला, की ही माहिती बनावट आहे, सावध राहा. बनावट! अहो, अश्विनी बनावट? तिच्या खांद्याचं माप माझ्या हातानं घेतलंय मी. बाप गेलेला, माय फडात कोयता चालवते, पोरगी होस्टेलात राहून नर्सिंग शिकली. पोखर्णीच्या एका चांगल्या घरी तिचं जुळत आलं होतं, सुपारी तेवढी फुटायची होती. तिकडून निरोप आला, आमी जरा थांबतो. थांबतो म्हणजे काय, ते कळायला शाळा शिकावी लागत नाही.

पाठोपाठ कंपनीची नोटीस आली, सगळी इंग्रजीत. परभणीला वकिलाकडं मी सोबत गेले, कारण मामा एकटे गेले असते तर नुसता नमस्कार करून परत आले असते. वकिलांनी वाचून सांगितलं. खातं फक्त स्वतःसाठी नाहीतर घरातल्या माणसासाठी उघडायचं. इतक्यांची स्थळं घालणं म्हणजे धंदा, आणि नसलेलं नातं लिहिणं म्हणजे खोटी माहिती. कंपनी भरपाई मागतेय, पोलिसात तक्रार द्यायचीही धमकी आहे. मग त्यांनी मामांना विचारलं, अटी वाचल्या होत्या का?

"साहेब, सोयरिकीच्या आटी बैठकीत ठरत्यात," मामा म्हणाले. "दोन्हीकडची मान्सं समोर बसत्यात, चहापानी होतंय, भांडणंबी होत्यात. हितं समोर कोणीच न्हवतं की."

वकील हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं. माझं मात्र टाळकं सरकलं. पाच-पाच वर्षं वय चोरणारे नवरदेव तिथं खुशाल बसलेत, त्यांना नोटीस नाही, आणि ह्या म्हाताऱ्याला कोर्टात ओढता? वाचता येणार नाहीत अशा अटी घालायच्या आणि मान्य केल्या म्हणून मुंडी धरायची, हा कुठला न्याय? वकील म्हणाले, बाई, तुमचं खरं आहे, पण बटण ह्यांनी दाबलंय.

तडजोड निघाली ती अशी. मामांनी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं, की मी या मुलींचा कोणी लागत नाही, खोटं नातं मी लिहिलं, दोष माझा. मग कंपनी तक्रार सोडणार आणि त्या घरांना कळवणार, की मुली खऱ्या आहेत. मामांनी एकच विचारलं, "अश्विनीचं नाव निघंल का ह्यातून?" निघेल म्हटल्यावर पेन मागितला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला आणि सही केली.

कंपनीनं कळवलं, पोखर्णीकरांनी सुपारी फोडली. माय तोडीवरून परत आली आणि उन्हाळ्यात पिंगळीतच लग्न निघालं. मायला सख्खा भाऊ नाही. माइकवरून पुकारा झाला, मुलीच्या मामांनी मुलीच्या पाठीशी उभं राहावं, तशा सगळ्यांच्या माना शेवटच्या रांगेकडं वळल्या. मामा उठेनात. शेवटी माय स्वतः गेली, हात धरून ओढू लागली.

ते म्हणाले, "माय, लिहून दिलंय मी. आता हुबा राहिलो आन् कोणी फोटू टाकला, तर पुन्हा पोरीच्या नावाला लागंल."

माय तशीच उभी. स्टेजवरून अश्विनी बघायली. मग कोणीतरी मायचा लांबचा एक मावसभाऊ शोधून आणला. त्यानं पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असेल, पण नातं कागदाला चालणारं होतं ना! मंगलाष्टकं सुरू झाली. मागं पाहते तर मामांची खुर्ची रिकामी.

मामांना जाऊन आता वर्ष होईल. पण मला ते त्याच दिवसाचे दिसतात. मी तणतणत बाहेर गेले होते, त्यांना ओढून आणायला. ते गेटवर नव्हते, जेवणाच्या मांडवात नव्हते. स्टेजच्या मागं, कनातीच्या बाहेर, उन्हात उभे होते. आत अश्विनी जिथं उभी होती, बरोबर तिच्या पाठीमागं. मधे नुसतं कापड. हात जोडलेले, डोळे मिटलेले. आत शेवटचं 'सावधान' होईपर्यंत मामा तिथून हलले नाहीत.