पॅचची काठी माझ्या दाराआड

फेस्टी,

तुला पत्रं आवडत नाहीत, ठाऊक आहे. तुझं घर माझ्या खिडकीतून दिसतं, धुराडं पेटलं की नाही तेही कळतं. मग लिहायचं कशाला? कारण मी तोंड उघडलं की तू उठतोस आणि कुत्र्याला बाहेर सोडतोस. कागदाचं तसं नाही. वाच.

आपण एका बाकावर शिकलो. मी पुढे गॉलवे शहरी कॉलेजात गेले, मास्तरीण होऊन परतले. तू बापाची करवत उचललीस. तेव्हापासून तुझं एकच चाललंय. हिवाळ्यात कुंपणातल्या काळ्या काट्याच्या झुडपांच्या फांद्या मुळाच्या गाठीसकट काढायच्या, धुराड्याशेजारी टांगून वर्ष-दोन वर्षं वाळू द्यायच्या, मग घासून, तेल पाजून काठी करायची. ज्याची काठी त्याला बूट घालून उभं करायचं आणि मगच लांबी ठरवायची. आपल्या भागातले सगळे म्हातारे तुझ्या काठीवर चालतात. उरलेल्या काठ्या धक्क्यावर, जार्लथ हेशनच्या पर्यटकांसाठीच्या दुकानात जायच्या. तिथे लोकरी टोप्या, कापडी मेंढ्या आणि हिरवी फडकी यांच्या गर्दीत उभ्या असायच्या.

आणि मॅनियनांच्या शेतातलं ते पांढऱ्या काट्याचं एकटं झाड? त्याच्यापुढून जाताना तू टोपीला हात लावतोस. ते त्यांचं आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्यांचं. त्यांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. पदवी असून मीही घेत नाही. नांगरही त्याला वळसा घालतो. त्याची डहाळी मोडून घरावर अरिष्ट ओढवून घेणारा माणूस आपल्यात जन्मलेला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात जार्लथनं तुझ्या प्रत्येक काठीला हिरवी चिठ्ठी बांधली: ‘परीच्या झाडावरून, चांदण्या रात्री तोडलेली.’ तू दाराशी भारा टाकून परत फिरणारा, तुला कुठून कळणार? कळलं ते रविवारी, चर्चच्या फाटकात, सगळा गाव बाहेर पडत असताना. ती अमेरिकन बाई काठी नाचवत तुझ्यापुढे आली.

“तुम्हीच ना ते? ते परीचं झाड कुठे आहे हो? मला फोटो काढायचाय!”

पॅच मॅनियन तेवढा हसला. “फेस्ट्या, लेका, परी काही बोलली की नाही रे तोडताना?”

त्याच्या बायकोला, बिडीनला, हसू आलं नाही. आणि तू? तू टोपी घातलीस आणि निघून गेलास! एक शब्द बोलला असतास तर? “मी तोडलं नाही,” एवढंच. नंतर मी फैलावर घेतलं तेव्हा म्हणालास, “जन्मभर ज्यांच्यात राहिलो त्यांना हे सांगायचं?” हो, सांगायचं! न बोलणाऱ्याच्या वतीनं लोक बोलतात.

ऑगस्टच्या वादळात त्या झाडाची फांदी पडली. मग मॅनियनांची कालवड लंगडी झाली. शरदात पॅच गेला, छातीच्या दुखण्यानं, जे त्याला दहा वर्षं होतं. पण हिशेब जुळवणाऱ्यांना छाती कशाला लागते?

शेजाऱ्याचं थडगं शेजाऱ्यांनी खणायचं, ही आपली रीत. खणणाऱ्यांत तू नाहीस असं कधी झालं नव्हतं. प्रेत घरात होतं तेव्हा मी बिडीनला चुलीपाशी गाठलं.

“फेस्टीला निरोप गेला का गं?”

“फावडी पुरेशी आहेत.”

“बिडीन, पांढऱ्या काट्याचं झाड ते. फेस्टीच्या काठ्या काळ्या काट्याच्या. लाकूड बघ तरी!”

“मला लाकूड शिकवू नकोस, डेलिया. माझ्या पॅचच्या मातीला तो हात नको.”

चहाचा कप मी तसाच ठेवला. दफन झाल्यावर माखल्या बुटांनी तडक जार्लथकडे गेले. हे पोरगं माझ्या वर्गात होतं, तेव्हाही दुसऱ्याच्या पाटीवरचं पुसायचं.

“काढ त्या चिठ्ठ्या.”

“अहो बाई, गंमत आहे ती. पाहुण्यांना वस्तूबरोबर गोष्ट लागते. आपल्यात आता कोण मानतं असलं?”

“तू मानत नाहीस?”

“छे!”

“मग चल मॅनियनांच्या शेतात. माझ्यासमोर एक डहाळी मोड, करंगळीएवढी. तुझ्या सगळ्या मेंढ्या मी विकत घेते.”

तो टोप्या सारख्या करू लागला. “आज बस यायचीय, बाई.”

“उद्या?”

“उद्या... बायकोला दिवस गेलेत, बाई. नको हो.”

बघ! स्वतःच्या लेकरासाठी भीती शाबूत, आणि तुझ्या नावावर खुशाल चांदणी रात्र! मी हे त्याला दुकानभर ऐकू जाईल असं सुनावलं. दोन गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच.

दुसऱ्या दिवशी तू गेलास, चिठ्ठ्या एकेक सोडून त्याच्या टेबलावर ठेवल्यास आणि काठ्या खांद्यावर टाकून घरी आणल्यास. आता तो कुठल्याशा कारखान्यातल्या काठ्या विकतो. चिठ्ठ्या त्याच.

त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलास. हातात एक काठी होती, काळीभोर, गुडघा धरला तेव्हा पॅचनं करायला सांगितलेली. वसंतात त्याला तुझ्या अंगणात बूट घालून उभं केलेलं मी पाहिलंय.

“ही पॅचची. बिडीनकडे नेऊन देशील? तुला दार उघडेल ती.”

मी म्हटलं, “ठेव.” नेते म्हटलं नाही.

फेस्टी, मॅनियनांचं घर माझ्या फाटकातून दिसतं. मला पायही आहेत. पण जिनं तुला तिच्या नवऱ्याच्या मातीत फावडं लावू दिलं नाही, तिच्या दाराशी तुझ्या हातची वस्तू घेऊन मी का उभी राहू? तिला हवी असेल तर तिनं यावं, तुझ्या अंगणात, दिवसाढवळ्या, आणि तुझ्याकडे मागावी. तोवर पॅचची काठी माझ्या दाराआड उभी आहे. कालच तेल लावलं.