अकराव्या बोल्टवरचं धुराडं

मामा टॉवरच्या टोकावर उभा राहून लोकांना लांबचं दाखवतो. एकवीस वर्षं तेच काम. मी त्याच टॉवरची लिफ्ट चालवते. नववीत शाळा सोडली तेव्हा अख्खं घर माझ्यावर तुटून पडलं. मामा एकटाच म्हणाला, "वर-खाली तरी करेल की पोरगी," आणि मला इथं चिकटवलं. म्हणून मामाला कुणी वाकडं बोललं की माझं डोकं सटकतं.

त्या दिवशीही सटकलं. मामाचं चालू होतं, "हवा स्वच्छ असली की चाळीस किलोमीटर दिसतं, बरं का! हे समोर गिरणीचं धुराडं..."

"कुठाय?" एक बाई म्हणाली.

"अहो ताई, नाकासमोर!"

"काका, तिथं काहीच नाहीये."

लोक हसले. मी बाईला झापायला तरातरा बाहेर आले, आणि बघितलं. धुराडं खरंच नव्हतं. गेल्या महिन्यातच पाडलं होतं. तेव्हा मामा तापाने घरी होता. नंतर त्याला कुणी सांगितलंही नाही. टॉवरवरच्या माणसाला कोण सांगायला जातंय?

मग त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठा कठड्याच्या अकराव्या बोल्टवर होता. तो दोन बोल्ट पुढं सरकला, "हा नदीवरचा पूल." अजून तीन, "ही पाण्याची टाकी." दुसऱ्या हाताचं बोट बरोबर जागी, डोळे भलतीकडंच. मामा बघत नव्हता, बोल्ट मोजत होता.

संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. मी त्याच्यापुढं बोटं धरली. "किती?"

"दोन. का गं?"

चार होती. मी लिफ्ट मधेच थांबवली.

"कधीपासून, मामा?"

तो भिंतीला टेकला. "दोन वर्षं झाली. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं. ऑपरेशन केलं तर महिनाभर घरी. तेवढ्यात साहेब दुसरा माणूस उभा करेल. मग मी कुठं जाऊ?"

"आणि उद्या कुणाचं पोर कठड्यावर चढलं तर? दिसेल तुला?"

मामा लिफ्टचं बटण चाचपायला लागला. मी त्याचा हात बाजूला केला.

"ऑपरेशनला हो म्हण. नाहीतर बस इथंच लटकत."

"अगं, मामा आहे मी तुझा!"

"म्हणून तर."

"हो," तो म्हणाला. "पण माझ्या जागी कोण?"

"मी."

"वरून काय दिसतं, माहितीये तुला?"

खरं सांगते, चार वर्षांत मी एकदाही धड बाहेर बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब लिफ्टमध्ये शिरला. एकटाच. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे त्यालाही थांबवलं. मामाची जागा मामाचीच राहील असं त्याने तिथंच लिहून दिलं, घाम पुसत.

आता लिफ्टला वॉचमन आहे आणि वर मी. अकराव्या बोल्टपाशी आले की सांगते, "इथं धुराडं होतं. आता नाही." उद्या मामाची पट्टी निघणार. आधी त्याला तीच रिकामी जागा दाखवायचीय.