समजाचा खांब

हट्टा गावातल्या संपतरावांनी गावोगावच्या लग्नांना मांडव घातले, पण प्रत्येक मांडवात एक खांब फुकटचा. त्याला ना कापड, ना दोरी. कुणी विचारलं की म्हणायचे, "त्यो समजाचा खांब. समजा, वारं सुटलं तर?" वारं न सुटता वऱ्हाड जेवून गेलं, की बायको सत्यभामाबाई म्हणायच्या, "लगीन लोकाचं, आन घाम ह्यांला!"

दोन हजार साली वसमतला मंगल कार्यालयाचा पाया खोदला गेला आणि इकडे संपतरावांची झोप उडाली. साठवलेली सगळी पुंजी घालून नवं मांडवाचं कापड घ्यायचं त्यांनी नुकतंच ठरवलं होतं. आता घ्यावं की नाही? काहीतरी निमित्त काढून ते एसटीनं वसमतला जायचे, भिंत किती वर आली ते बघायचे आणि परतायचे. शेवटी तिथला गवंडी त्यांना मालक समजून रामराम घालायला लागला.

घरी ताट पुढ्यात, घास हातात, आणि तोंड चालू.

"समजा, समदे तिकडंच लगनं करून राहिले तर? कापड उंदराच्या घशात. समजा, कुणीच गेलं न्हाई, आन म्या कापड घेतलं न्हाई तर? समजा, पैशेवाले तिकडं गेले आन बाकीचे हितंच..."

"ह्या तिन्ही समजात लोक जेवतील का न्हाई?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"जेवतील की!"

"मग भात कशात शिजवतील? आपल्या दोन डेगी, त्यातल्या एकीला ठिगळ."

संपतरावांनी कितीतरी दिवसांनी घास तोंडात घातला.

कापडाचा बेत मोडला. जुन्यालाच टाके पडले, आणि घरात नव्या डेगी, पराती, झारे आले. उंबऱ्यातून आत शिरायची पंचाईत.

तुळशीचं लग्न उरकलं आणि कार्यालयातलं पहिलं लग्न निघालं. तिथं सगळं नवंकोरं, भांडी मात्र भाड्याची. डेगी संपतरावांच्याच. टेम्पोतून त्या उतरवताना मॅनेजर थबकला.

"काका, हा बांबू कशाला? इथं स्लॅब आहे!"

"ऱ्हाऊ द्या भिंतीला टेकून. खातो का तुमचं काई?"

पंगत बसली. डेगीतून वाफ निघत होती, वाढपी पळत होते, आणि संपतराव बांबू धरून उभेच.

"आता काहून उभे?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"न्हाई, म्हटलं... समजा, लोकांनी जेवायचंच सोडलं तर?"

"मग आपण दोघं जेवू. बसा खाली."

संपतराव बसले. बांबू शेजारी आडवा ठेवून.