मेंढ्यांमधून परत आणलेली गाय

गायीचं नाक पुसायला मी जुन्या लुगड्याचे तुकडे फाडून ठेवले होते. एकदा पुसलं की तुकडा चुलीत. आधी शेंबूड पाण्यासारखा होता, मग पिवळा, मग रक्ताचा. नाकपुडीवर त्याची खपली धरायची. डोळे दुधाळ झाले, तोंडातली कातडी सोलून निघाली. त्या वासानं मला घास गिळवत नव्हता, आणि दुसरं कोणी हात लावत नव्हतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात, धुळ्याजवळचं आमचं गाव. घरात दोन संकरित गायी. दुसरी गाभण होती. तिच्या वेतावर आमचं पुढचं वर्ष चालायचं होतं. तिला लागण नको म्हणून आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, तिला विहिरीजवळच्या शेतात बांधलं. तिथे खतासाठी ठेलाऱ्यांच्या, म्हणजे फिरत्या मेंढपाळांच्या, मेंढ्या बसवल्या होत्या. त्याआधी महिनाभर त्याच मेंढ्या आमच्या गोठ्यामागे बसत होत्या.

धुळ्याहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी पहिल्या गायीचे डोळे पाहिले आणि मेंढ्यांची चौकशी केली. आबा वैतागले. "मेंढ्या ते बठ्ठ्या चांगल्या शेतस. एकले बी शेंबूड नही."

"तेच तर, आबा. मेंढीला काही होत नाही. गाय मरते."

माणसाला नागीण होते, त्याच कुळातला हा विषाणू, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या आवरणावर प्रथिनं असतात. कोणत्या जनावराच्या कोणत्या पेशीत शिरायचं, ते बरंचसं त्यांच्यावर ठरतं. मेंढीत तो निमूट राहतो, गायीत शिरला की सडवतो. औषध नाही. आजारी गायीपासून दुसरीला सहसा लागत नाही. लागतो तो मेंढ्यांकडूनच.

डॉक्टर गेल्यावर आबा म्हणाले, शहाणा माणूस. सडक्या गायीशेजारी बांधा म्हणतो आणि धडधाकट मेंढ्यांपासून पळवा म्हणतो.

मी शेतात गेले. कोकरं गायीच्या चाऱ्यात उभी होती, त्यातच नाकं घासत होती. आबांना न विचारता दावं सोडलं आणि तिला गोठ्यात आणून बांधलं. आबा चार दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत.

पहिली गाय मेली. दुसरीचं नाक मी रोज सकाळी पाहत राहिले, पुढे कित्येक महिने. ती व्यायली तेव्हा वासराच्या नाकातोंडाला चिकट पाणी होतं, जन्मताना असतं तसंच. तरी मला उमासा आला. मी आधी गायीचे डोळे पाहिले. काळेभोर होते. मग लुगड्याचा तुकडा घेतला.