डस्टी रस्त्याचं निमित्त

"सर, डस्टी म्हंजे काय?"

फोनवर नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही, थेट प्रश्न. विचारणारे माझे जुने सहकारी होते. बसवकल्याणच्या एका मराठी शाळेत आम्ही दोघं नोकरीला होतो. ते गणित शिकवायचे, मी इंग्रजी. निवृत्त झाल्यावर ते दुबलगुंडीला, आपल्या गावी, राहायला गेले. इंग्रजी शब्द अडला की अजूनही मलाच फोन करतात.

"धुळीनं भरलेलं. धुळकट," मी सांगितलं.

"मग आमच्या नातीला येड लागलंय सर. लग्न लावताना पांढरी साडी, ते ठीक. पण दुपारच्या कार्यक्रमाला तिला डस्टी पिंक साडी पायजे म्हणायली. त्याला दुकानात कामून जायचं? आमच्या वेशीत एकदा लोळली तर फुकटात डस्टी व्हती की!"

मी त्यांना समजावलं की रंगाच्या बाबतीत हा शब्द वेगळा चालतो. गुलाबी रंगात जरा राख मिसळल्यासारखी छटा. भडक नाही, मंद.

"म्हंजे जुना झालेला."

"नवा असतानाच जुना दिसणारा."

"आपण दोघं बी डस्टीच की मग," ते हसले. "बरं, लग्नाला यायलाव ना? आता तुम्हाला कारण न्हाई. हुमनाबादपासनं रस्ता डांबरी झालाय. धूळ बघायला मिळंना."

मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. रस्ता डांबरी व्हायला इतकी वर्षं लागली, याबद्दल गावकऱ्यांची तक्रार असेल. मला तर तो फार लवकर झाला असं वाटलं.

त्या धुळीची हकिकत अशी. त्यांच्या लेकीचं लग्न होतं तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्यांना त्यांनी आग्रहाचं आमंत्रण दिलं. मी म्हणालो, "द रोड इज व्हेरी डस्टी, सर. आय हॅव ॲलर्जी." अवघड गोष्ट इंग्रजीत बोलायची मला सवय होती. मराठीत खोटं बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. इंग्रजीत सगळं लक्ष उच्चारांकडे राहतं.

मला कसलीही ॲलर्जी नव्हती. ते बौद्ध. त्यांच्या वडिलांनी धर्म बदलून जमाना झाला होता, पण आमच्या शेतकरी घरात त्यांची जुनी जात अजून तशीच बोलली जायची. स्टाफरूममध्ये हॉटेलचा चहा आम्ही एका टेबलावर प्यायचो, त्यात मला काही वाटत नसे. त्यांच्या अंगणात बसून त्यांच्या चुलीवरचं जेवायचं, इथं माझं पाऊल अडलं. पुढे पुष्कळ वर्षं मी मनातल्या मनात हे आईवर ढकललं, की तिला चाललं नसतं. खरं म्हणजे मी तिला विचारलंच नव्हतं.

खोटं तिथं संपलं असतं तर मीही विसरलो असतो. पण सर लग्नाची सुट्टी संपवून आले आणि त्यांनी माझ्या धुळीचं फार मनावर घेतलं. त्यांच्या तासानंतर त्याच वर्गात माझा तास असायचा. ते गणितं संपवून, ओल्या फडक्यानं फळा स्वच्छ पुसून, खिडकी उघडून मगच बाहेर पडायला लागले. दारात भेटले की म्हणायचे, "खडू बसलाय सर, या आता." परीक्षेच्या कामाला बसनं जाताना खिडकीची जागा ते घ्यायचे, धूळ स्वतःच्या तोंडावर घ्यायचे. खेळाच्या दिवशी मला मैदानावर उभं करू नका म्हणून मुख्याध्यापकांना त्यांनीच सांगितलं. मग मलाही अधूनमधून खोकावं लागे. त्यांचे कष्ट वाया जाऊ नयेत एवढं तरी मला वाटायचं.

सुगीत मात्र मी आमच्या शेतावर ज्वारीची रास करताना भुसाच्या धुरळ्यात दिवसभर उभा राहायचो. घरी येऊन अंघोळ केली की झालं. फक्त सर त्या रस्त्यानं जाऊ नयेत, एवढीच धास्ती.

वर्गात मी डस्टी रोड, डस्टी शेल्फ अशी उदाहरणं द्यायचो. शब्दकोशात आणखी एक वापर होता, डस्टी आन्सर. म्हणजे टाळणारं, समोरच्याला तोडून टाकणारं उत्तर. तो मी मुलांना कधी शिकवला नाही. परीक्षेत येत नाही, असं म्हणायचो.

लग्नाला गेलो. रस्ता खरंच डांबरी होता. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, नवरी पांढऱ्या साडीतून त्या राखी गुलाबी साडीत आली आणि छान दिसली. पंगती बसायला लागल्या तसे सर माझा हात धरून मला घरात घेऊन गेले. आतली खोली झाडून, ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती. खिडक्या बंद. एक खुर्ची, एक टेबल, झाकलेलं एक ताट.

"तुमची सोय इथं केलीय. बाहेर लेकरं लय धूळ उडवायलीत."

"पंखा बी लावला न्हाई सर," त्यांची बायको म्हणाली. "त्यानं बी धूळ उडती."

दोघं कामाला निघून गेले. मी त्या गरम खोलीत एकटा ताटासमोर बसलो. ते माझ्या घरी एकदाच आले होते. तेव्हा मी त्यांना ओसरीवरच बसवलं होतं, आणि त्यांचा कप नंतर आत आला नव्हता.

ताट उचललं आणि बाहेर येऊन पंगतीत, एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसलो. बाई जरा सरकली. सर हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली घेऊन वाढत होते. धावतच आले.

"सर, बाहेर कामून आलाव? खोकला येईल की!"

"येणार नाही. कधीच आला नव्हता. मला ॲलर्जी नाही, सर. तुमच्या लेकीच्या लग्नाला मी खोटं बोललो. तुमच्या घरी जेवायचं नव्हतं मला."

हे मी मराठीत बोललो. शेजारची बाई भात कालवायची थांबली. पलीकडून कुणीतरी वरण मागत होतं. सरांनी बादली खाली टेकवली.

"मग इतकी वर्षं फळा मी कामून पुसलो?"

उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही. माझ्या ताटात एक पळी हुग्गी घातली आणि पुढं सरकले. पुढच्या माणसाला मात्र हात जोडून आग्रह केला, त्याच्या पुढच्यालाही केला.

दुसऱ्या फेरीला बादली त्यांच्या पुतण्याकडं होती. तो माझ्यासमोर वाकला, "सर, वाढू का?" तेवढ्यात मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून सरांचा आवाज आला. वर्गातला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"त्यांना विचारू नको रे, नुसतं वाढ! त्यांचं नको खरं नसतंय!"

पंगत हसली. मी अजून नको म्हणालोच नव्हतो.