चूक मान्य करणाऱ्या तारबाई

जन्मापासून मी पुण्यात राहते, पण स्वतःहून "चुकलं माझं" म्हणणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, आणि तेही दातांची डॉक्टर. आपल्याकडे रिक्षावाला भलत्या गल्लीत शिरला तर गल्ली चुकलेली असते. दुकानदाराने वेगळाच माल बांधून दिला तर आपण नीट सांगितलेलं नसतं. आमच्या घरातही फार निराळी रीत नाही. मी शाळेत गणित शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात इतकी दमते की स्वतःच्या शोधायला वेळच उरत नाही. आणि या बाई! तार जरा जास्त ओढली गेली, "चुकलं माझं." आत बोलवायला उशीर झाला, "चुकलं माझं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पर्स उचलून उठणारच होते. म्हटलं, हिच्या हातात मी पोरीचं तोंड दिलंय?

पोरं त्यांना तारबाई म्हणायची. दातांना तारा लावतात त्या तारबाई, एवढा सरळ हिशोब. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं, कारण फोनवर त्या स्वतःच "मी तारबाई बोलतेय" म्हणून सुरुवात करत. टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, वह्या-पुस्तकांच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता. साठी उलटलेली, केस बारीक कापलेले, सुती साडीवर पांढरा कोट. लहानपण खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये भोंग्याच्या वर आवाज चढवत गेलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत. एका खोलीतून बोलल्या की सगळ्या दवाखान्याला कळायचं कोणाच्या दातात काय अडकलंय.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा आठवीत होती. तिचा एक सुळा पार वर चढलेला आणि पुढचे दात एकमेकांच्या अंगावर रेललेले. तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. "आई, मला काही प्रॉब्लेम नाहीये, तुला का आहे?" असं तिने सरळ विचारलं होतं. मला होता. कारण ते दात माझे होते. मी जन्मभर फोटोत ओठ मिटून उभी राहिले, हसताना तोंडावर हात धरला, आणि तेच मी तिला दिलं, हे मला बघवत नव्हतं. तारा लावायचा हट्ट माझा, फक्त माझा. पुढे जे झालं त्यात हे मला एक दिवसही विसरता आलं नाही.

तारबाईंची एक पद्धत मला सुरुवातीला अजिबात पटली नव्हती. तार घट्ट केली की त्याच संध्याकाळी त्यांचा घरी फोन यायचा आणि त्या मुलाशीच बोलायच्या. मी उचलला तर "अहो, तुम्ही नको, मुक्ताला द्या." आणि मग तिला, "आईला विचारू नकोस. दात तुझा आहे, तू सांग. दुखतंय का? कुठे? खरं सांग." मी बाजूला उभी. मनात म्हणायचे, वा गं बाई, डबा मी करायचा, भात मऊ मी शिजवायचा, गालाला टोचणाऱ्या तारेवर मेण मी लावून द्यायचं, आणि माझ्याशी बोलायला नको!

एकदा मी त्यांना हे थोडं तिरकस विचारलंच. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी नवी होते तेव्हाची गोष्ट. एक मुलगा सारखा म्हणायचा, दुखतंय. त्याच्या आईला मी सांगितलं, मुलं म्हणतातच असं, लक्ष देऊ नका. त्याच्या दाताखाली पू झाला होता. चेहरा सुजून आला तेव्हा मला कळलं. दात गेला त्याचा. चुकलं माझं." एवढं बोलून त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं. मी बाहेर येऊन बाकावर बसले. आदल्याच रात्री जेवताना मी मुक्ताला म्हणाले होते, "एवढं काय, थोडं सहन कर." मला फार ओशाळल्यासारखं झालं.

तारा लावून वर्ष उलटून गेल्यावर मुक्ता म्हणायला लागली, समोरचा दात हलतोय. मी म्हटलं, तारा आहेत, हलणारच. तिने तारबाईंनाही सांगितलं. त्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी. बाईंनी आरसा फिरवला, बोटाने दात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "तारा आहेत बाळ, थोडा हलणारच." मी लगेच मुक्ताकडे बघितलं, बघ, मी काय सांगत होते! पुढच्या खेपेला तिने पुन्हा सांगितलं, जरा हळू आवाजात. तेव्हा मात्र बाई थांबल्या. एक्स-रे काढून आणायला सांगितलं.

तो एक्स-रे त्या उजेडाच्या पेटीवर लावून किती वेळ बघत राहिल्या. वरच्या पुढच्या दातांची मुळं झिजून आखूड झाली होती, एकाचं तर निम्म्याहून जास्त. तारांच्या ताणाने काही मुलांचं असं होतं, कोणाचं होईल ते आधी सांगता येत नाही, पण मधेच एक्स-रे काढला तर वेळेवर लक्षात येतं. हे सगळं त्यांनी मला नंतर समजावलं. आधी त्यांनी स्टूल ओढलं, मुक्ताच्या समोर बसल्या आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाल्या, "तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. एक्स-रे मी तेव्हाच काढायला हवा होता. चुकलं माझं, मुक्ता." त्या खणखणीत आवाजाचं पार पाणी झालं होतं. मुक्ताने मान हलवली.

घरी नवऱ्याने, सुधीरने, घर डोक्यावर घेतलं. "चूक झाली म्हणे! दात काय पेन्सिल आहे, दुसरा आणायला? आणि तू अजून तिच्याकडेच जाणार?" त्याचं काही चुकत नव्हतं. मला रात्रभर झोप नाही. गंमत म्हणजे दुसऱ्या डॉक्टरला दाखवा हे बाईंनीच सुचवलं होतं. एक्स-रे हातात देत म्हणाल्या, "दुसरीकडे दाखवा. मला वाईट वाटणार नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "वाटेल. पण दाखवा."

आम्ही बाणेरला एका मोठ्या दवाखान्यात गेलो. काचेच्या भिंती, कॉफीचं यंत्र, भिंतीवर हसणाऱ्या लोकांचे दातच दात. तिथले डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. एक्स-रे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला उगाच घाबरवलंय. जुन्या पद्धतीने काम केलं की असं होतं. आमच्याकडे तारा पुन्हा लावू, थांबायची गरज नाही. दहावीच्या फोटोत परफेक्ट स्माइल, डोन्ट वरी." सुधीरचा चेहरा उजळला. खरं सांगते, माझाही. कोणीतरी काळजी करू नका म्हणावं यासाठी मी आसुसले होते. मुक्ताने मधेच विचारलं, "पण दुखलं तर?" डॉक्टर हसले आणि मला म्हणाले, "मुलं म्हणतातच असं."

परत येताना विद्यापीठ चौकात गाडी अडकली. मग मागच्या सीटवरून मुक्ता म्हणाली, "मी यांच्याकडे नाही येणार." सुधीर म्हणाला, "अगं, जिने वाट लावली तिच्याकडे परत जायचं?" ती म्हणाली, "बाबा, यांनी माझा दात हलवूनसुद्धा नाही बघितला." ते खरं होतं. माझ्या वर्गातही ज्या पोराला आपलं कुठे चुकलं ते दाखवता येतं त्याची मला काळजी नसते. ज्याचं कधीच चुकत नाही त्याची असते. तरी गणिताच्या पेपरात मार्क जातात, इथे पोरीचा दात जाणार होता. निर्णय माझा आणि तोंड तिचं. सिग्नल सुटला तेव्हा मी म्हटलं, आपण तारबाईंकडेच जाऊ.

आम्ही परत आलेलं बघून बाईंना आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही झाला. त्या आणखीनच घाबरल्या. त्यांनी तारा सैल करून सोडल्या, काही महिने दातांना हातच लावला नाही, मग पुन्हा एक्स-रे काढला. झीज थांबली होती. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता पुढे जायचं नाही. सुळा पूर्ण खाली येणार नाही, एक दात तिरका राहील. पण दात राहतील." तारा काढल्या, दातांच्या मागून एक बारीक तार कायमची चिकटवली. मुक्ताने आरशात बघितलं आणि म्हणाली, "मस्त दिसतंय की!" बाई मात्र त्या तिरक्या दाताकडेच बघत होत्या.

पुढे दर तपासणीला हेच. दात दाबून बघायचा आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं. शेवटी मुक्ताच एकदा वैतागली. "डॉक्टर, आता पुरे ना! मी विसरले, तुम्ही पण विसरा." बाई म्हणाल्या, "तू विसर. मी विसरले तर पुढच्या मुलाचं काय होईल?" त्यानंतर त्यांनी हलतोय म्हणणाऱ्या एकाही मुलाला एक्स-रे काढल्याशिवाय घरी पाठवलं नाही, असं मला खालच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या मालकाने सांगितलं. आयांच्या कुरकुरी खालपर्यंत ऐकू यायच्या म्हणे.

मग साखरेने त्यांचे डोळे गेले आणि दवाखाना बंद झाला. मुक्ता इंजिनिअरिंगला गेली. आमचं फोनवर बोलणं व्हायचं, दिवाळीला मी चिवडा पोचवायचे. गेल्या गणपतीत मुक्ता मला म्हणाली, "आई, तो दात परत हलतोय." दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. मूळच आखूड, मागच्या तारेने धरून ठेवलाय, जपून वापरला तर चालेल, पण कधीतरी जाईल, असं ते म्हणाले. कोणाचा दोष वगैरे ते बोलले नाहीत. मी मात्र घरी येऊन देवघरापुढे बसून रडले. तारांचा हट्ट कोणाचा होता?

त्याच सुमारास तारबाईंच्या बहिणीचा फोन आला. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, मूत्रपिंडं थकली होती. "रोज विचारते हो, ती मुक्ता कशी आहे. एकदा येऊन जाल का?" आम्ही सहकारनगरला त्यांच्या घरी गेलो. जिन्यातच मी मुक्ताला थांबवलं. म्हटलं, दाताचं काही सांगायचं नाही, कळलं? आता या वेळी कशाला त्रास द्यायचा? ती म्हणाली, "त्या विचारतील." मी म्हटलं, विचारलं तर घट्ट आहे म्हणायचं.

त्यांनी विचारलंच. आवाज ओळखून आधी मुक्ताला जवळ बसवलं आणि पहिला प्रश्न तोच, "दात कसा आहे?" मुक्ताने माझ्याकडे बघितलं. "एकदम घट्ट आहे, डॉक्टर." बाई म्हणाल्या, "ये, बघू." बहिणीकडून पाणी मागून हात धुतले, पुसले, आणि अंगठ्याने आणि बोटाने तो दात धरला. जन्मभर दात चाचपलेला हात. त्यांनी बोटं बराच वेळ तिथेच ठेवली, मग काढून घेतली. म्हणाल्या, "छान. घट्ट बसलाय."

मग कॉलेजच्या, हॉस्टेलच्या गप्पा झाल्या. त्या हसल्यासुद्धा. मला हायसं वाटलं. आम्ही निघालो, दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून आवाज आला, "मुक्ता, सफरचंद चिरून खात जा हं. पेरूसुद्धा. दातांनी तोडायचं नाही." मुक्ता कशीबशी "हो" म्हणाली.

घट्ट दाताच्या मुलीला असं कोणी सांगतं का? जिन्यात ती रडायलाच लागली. "आई, त्यांना कळलं. मी खोटं बोलले म्हणून त्याही बोलल्या. आता त्यांना मला 'चुकलं माझं' म्हणता येणार नाही, आणि माझा त्यांच्यावर राग नाही हे मलाही सांगता येणार नाही. मी वर जाऊन येते." ती वळली. मी तिचा दंड धरला. म्हटलं, राहू दे आता, त्या दमल्यात, आपण पुढच्या आठवड्यात परत येऊ. आणि तिला खाली घेऊन आले.

पुढच्या आठवड्याआधीच तारबाईंच्या बहिणीचा फोन आला, बाई गेल्या. मुक्ता हॉस्टेलवर होती, मी तिला कळवलं. तिने कधी, कसं ते विचारलं. मग म्हणाली, "आई, तू मला वर जाऊ द्यायला हवं होतंस."

खरंच जाऊ द्यायला हवं होतं.