माझ्या मैत्रिणीचा स्विंग

आम्ही पुण्याहून ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या क्वेकर्स हिल उपनगरात आलो तेव्हा मी शाळेत होते. ऑफिसातल्या लोकांशी ओळख वाढावी म्हणून बाबा जवळच्या गोल्फ कोर्सवर शिकायला गेले आणि सोबत मलाही घेऊन गेले. त्यांच्याआधी मलाच खेळ जमायला लागला. तिथल्या मुलांच्या वर्गात ती भेटली. माझ्याच वयाची, एका प्लंबरची मुलगी, उन्हाने नाक कायम सोललेलं. आम्ही एकत्र शिकलो आणि प्रोफेशनलही एकत्रच झालो. लहानसहान गावांतल्या स्पर्धांना तिच्या वडिलांच्या युटमधून, त्या छोट्या उघड्या ट्रकमधून, जायचो. मागच्या हौद्यात त्यांचे पाइप आणि आमच्या बॅगा.

माझा स्विंग बघायला लोक थांबायचे. तिचा बघायला कोणी थांबत नसे. ती लाकूड फोडल्यासारखी चेंडूवर तुटून पडायची. पण गोल्फमध्ये दिसण्याला गुण नसतात. स्पर्धेचे पहिले दोन दिवस झाले की मागे पडलेल्यांना घरी पाठवतात. मी जेमतेम एखाद्या फटक्याने बाहेर पडायची, ती तेवढ्याच फरकाने आत राहायची. मी बॅग भरत असताना ती पलंगावर बसून उद्याचे मोजे शोधायची आणि म्हणायची, "नेक्स्ट वीक, मेट." तिला खरंच तसं वाटायचं, म्हणून तर ते जास्त झोंबायचं.

पुढे ती अमेरिकेत खेळायला गेली. मी एका क्लबची प्रो झाले. "रोजची नोकरी आहे, माणसं चांगली आहेत, मग तोंड का पाडतेस?" आई म्हणाली. काम वाईट नव्हतं. दुकानात हातमोजे विकायचे, काठ्यांच्या झिजलेल्या ग्रिप बदलायच्या, रिटायर झालेल्या डॉक्टरांना खांदा वळवायला शिकवायचं. पण दुकानातल्या टीव्हीवर सदा गोल्फ चालू असायचं आणि ती दिसली की कोणीतरी विचारायचंच, "ही तुझ्याबरोबर खेळायची ना?" मी हसून हो म्हणायची. तिचा चेंडू पाण्यात गेला की त्या दिवशीचा चहा मला गोड लागायचा.

गेल्या उन्हाळ्यात ती परत आली. सतत हरत होती, हे मला ठाऊक होतं. तिचा प्रत्येक स्कोअर मी बघत होते. एका सोमवारी कोर्स रिकामा असताना ती दुकानात येऊन उभी राहिली. खूप वाळली होती.

"चेंडू उजवीकडे पळतोय," ती म्हणाली. "कोच बदलून झाले. तू बघशील?"

आम्ही बाहेर गेलो. तिने पहिला फटका मारला आणि मी चमकले. हात संथपणे वर जाणं, वर पोचल्यावरचा तो किंचित थांबा, सगळं माझं होतं. फक्त तिच्या अंगावर ते दुसऱ्याच्या कपड्यासारखं लोंबत होतं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"मीच मागितलं," ती म्हणाली. "मला कायम तुझ्यासारखं मारायचं होतं. तुला माहीत नव्हतं?"

मला नव्हतं माहीत. ऐकून सुखावायला हवं होतं, पण मी आतून पेटले. हिला स्पर्धा मिळाल्या, अमेरिका मिळाली, टीव्ही मिळाला. माझ्याकडे एवढी एकच गोष्ट उरली होती, तीही हिला हवी होती!

"सोड ते," मी म्हटलं. आवाज नको तितका चढला. "तुला शोभत नाही. पहिल्यासारखी तुटून पड."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जोरात मारलं. चेंडू सरळ गेला. अख्खी दुपार सरळच जात राहिला.

काही आठवड्यांनी एका मोठ्या स्पर्धेत ती शेवटच्या दिवसापर्यंत टिकली. दुकानात टाळ्या वाजल्या. तिला जुना सूर सापडला, असं टीव्हीवरचा माणूस म्हणत होता. मी मान खाली घालून कुणाच्या तरी काठीवर ग्रिप चढवत होते.

मग तिचा फोन आला. "माझी कोच हो. माझ्याबरोबर चल."

"अगं, जग फिरशील!" आई हरखून गेली. "विचार कसला करतेस?"

मी नाही म्हणाले. तिला सांगितलं, क्लब सोडवत नाही. खरं कारण हे, की रोज प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभं राहून तिला आत जाताना बघणं मला झेपलं नसतं. ती म्हणाली, "नो वरीज."

तिने दुसरा कोच ठेवला. तरी चेंडू पळायला लागला की व्हिडिओ मला पाठवते, आणि मी त्याच दिवशी, मला दिसलेलं सगळं, काही हातचं न राखता सांगते. रविवारी ती खेळत असते तेव्हा मात्र मी एकामागून एक शिकवण्या लावून घेते आणि दुकानाकडे फिरकत नाही. निकाल कोणीतरी येऊन सांगतंच.